टीव्हीवर बघून मापो टोफू केलं. ‘नसेल तर शेजवान चटणी घाला’ हे तुम्हाला पटतं का?

कोकणकन्या (कोथरूड)

गेल्या आठवड्यात टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात मापो टोफू हा टोफूचा तिखट चिनी पदार्थ दाखवला आणि मी दुसऱ्याच दिवशी करायला घेतलं. शेफ म्हणाले होते, डोबानजियांग (बाकला-मिरचीची मुरवलेली चटणी) नसेल तर शेजवान चटणी घाला, सिचुआन मिरी नसेल तर काळी मिरी घाला. मी तसंच केलं. घरी सगळ्यांनी आवडीनं खाल्लं. पण चव थेट कोपऱ्यावरच्या गाडीवरच्या पनीर शेजवानची. मला खरंच वाईट वाटलं. ज्या दोन जिनसांवर पदार्थ उभा आहे, तेच काढून घेतले तर मग मी केलं काय?

मग जरा शोधाशोध केली. हा पदार्थ चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदू शहराचा. ‘मापो’ म्हणजे चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेली म्हातारी. एकोणिसाव्या शतकात तिथे खानावळ चालवणाऱ्या एका बाईवरून हे नाव पडलं असं सांगतात. या पदार्थाचा जीव ‘माला’ चवीत आहे. ‘ला’ म्हणजे तिखट आणि ‘मा’ म्हणजे जिभेला येणाऱ्या मुंग्या. त्या मुंग्या आणते सिचुआन मिरी. तिचं आपल्या काळ्या मिरीशी काहीच नातं नाही, नातं आहे ते तिरफळाशी! दोन्ही झाडं झँथोझायलम या एकाच प्रजातीतली. दोन्हींच्या काळ्या बिया टाकून द्यायच्या आणि वरचं साल वापरायचं. आजीच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाऊन मी वाढले आणि हे मला आत्ता कळतंय.

पुण्यात कोकणी मालाच्या दुकानांत तिरफळ मिळतं. शेफनी ‘तिरफळ घाला’ असं का सांगू नये? बघणाऱ्या बायकांना जमणार नाही, मिळणार नाही, असं आधीच का धरून चालायचं? परका पदार्थ निदान पहिल्यांदा तरी त्याच्या रीतीनं करावा, असं माझं ठाम मत आहे.

पेठेतली सून

ताई, तिरफळाची माहिती फार आवडली, पण मत अजिबात पटलं नाही.

१९९३ साली झी टीव्हीवर संजीव कपूर यांचं ‘खाना खजाना’ सुरू झालं, तेव्हा माझी आई वही-पेन घेऊन बसायची. तेव्हा आमच्या घरी सोया सॉसची बाटली हीच अपूर्वाई होती. शेफनी त्या वेळी ‘अमुक नसेल तर करूच नका’ म्हटलं असतं, तर आईनं वही मिटली असती. ‘नसेल तर हे घाला’ या वाक्यामुळे आमच्याकडे कितीतरी पदार्थ पहिल्यांदा झाले.

आणि गाडीवरच्या चवीला कमी का लेखायचं? भारतातलं चायनीज कोलकात्यातल्या चिनी कुटुंबांनी रुजवलं. तिथल्या टेंगरा भागातले हाक्का हे चिनी लोक आधी चामड्याच्या धंद्यात होते, मग तिथेच हॉटेलं उभी राहिली. चिकन मँचुरियनचं श्रेय ज्यांना देतात ते नेल्सन वांगही कोलकात्यातच जन्मले. १९७५ साली मुंबईत त्यांनी आलं-लसूण-हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोर घातलं. ती तडजोड नव्हती, नवा पदार्थ होता.

आपल्या उपासाच्या खिचडीकडे बघा. साबुदाणा ज्या कसाव्याचा होतो तो, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळं मुळात अमेरिका खंडातलं. तरी चतुर्थीला आपण ती देवापुढे ठेवतोच ना? माझ्या घरी सासूबाईंना जिभेला मुंग्या आलेल्या चालणार नाहीत. त्यांच्या ताटात जे जाईल ते त्यांना रुचेल असंच मी करणार.

कोकणकन्या

सासूबाईंसाठी वेगळं करा, त्याबद्दल वाद नाही. मँचुरियनलाही मी नावं ठेवत नाही. नेल्सन वांग यांनी नव्या पदार्थाला नवं नाव दिलं, हेच तर मी म्हणतेय. शेजवान चटणी घातलीत तर त्याला शेजवान टोफू म्हणा. मापो म्हणून शिकवलं की बघणाऱ्याला वाटतं, चेंगदूत असंच खातात.

भट्टीवाला (हडपसर)

मी नऊ वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये चायनीजच्या भट्टीवर होतो, म्हणून लिहितो. दोघी जिनसांवर भांडताय, पण टीव्हीवर खरी लपते ती आच. हॉटेलातल्या भट्टीची ज्योत घरच्या शेगडीच्या कितीतरी पट असते. दक्षिण चीनमधले कँटनी लोक ‘वोक हे’ म्हणतात तो धुरकट खमंगपणा त्या आचेतून येतो. घरी चार जणांचा फ्राइड राइस एकदम कढईत टाकला की कढई थंड पडते, भाज्यांना पाणी सुटतं आणि भाताचा गोळा होतो. मग बाई स्वतःला दोष देते. हे बघून मला राग येतो, कारण चूक तिची नसते.

फ्राइड राइस करायचाच असेल तर भात आदल्या रात्रीचा, फ्रीजमधला घ्या. एका वेळी दोघांपुरताच परता. बोहरी आळीतून पातळ पत्र्याची लोखंडी कढई आणा. नॉनस्टिक इतक्या आचेवर तापवू नका.

मापो टोफूला मात्र एवढी आच लागतच नाही, ते मंद शिजवायचं असतं. डोबानजियांग म्हणजे बाकला आणि लाल मिरच्या मिठात मुरवून केलेली चटणी, चेंगदूजवळच्या पिशियनची नावाजलेली. ती मंद आचेवर तेलात परतायची, तेल लालभडक होईपर्यंत. मिसळीचा कट करणाऱ्याला हे शिकवायला नको. म्हणून या बाबतीत मी कोकणकन्या ताईंच्या बाजूनं. शेजवान चटणीत लसूण, व्हिनेगर आणि साखर असते, मुरलेली चव नसते.

निवृत्त काका

एका पदार्थासाठी तीन बाटल्या आणायच्या आणि वर्षभरानं फेकायच्या, हे मला मान्य नाही. आमच्या फ्रीजचा दरवाजा अशा बाटल्यांनी भरलाय. टीव्हीवाल्यांनी एकदा तरी चिनी माणूस घरी रोज काय जेवतो ते दाखवावं.

भट्टीवाला

काका, अगदी बरोबर. चीनमध्ये घरोघरी टोमॅटो-अंडं होतं. अंडी फेटून मोठी मोठी परतायची, बाजूला काढायची. टोमॅटो मीठ आणि चिमूटभर साखर घालून मऊ करायचे, अंडी परत सोडायची. वर कांद्याची पात. बाटली एकही लागत नाही आणि घरची शेगडी पुरते. पण पडद्यावर ज्योत उठत नाही म्हणून हे कोणी दाखवत नाही.

पेठेतली सून

टोमॅटो-अंडं उद्याच करते. सासूबाई अंडं खात नाहीत, पण मुलांना नक्की आवडेल.

ताई, तुमचा नावाचा मुद्दा मी मान्य करते. बाकी माझं मत तेच. पण एक विचारते, तिरफळ किती घातलंत आणि कसं?

कोकणकन्या

त्यानंतर तिरफळ घालून दोनदा केलं. आठ तिरफळं घेतली, चार जणांना. पहिल्यांदा तिखल्यात घालतो तशी ठेचून रश्श्यात टाकली होती, तर नुसता वास आला, मुंग्या नाहीत. आता बिया काढून साल कोरडंच मंद भाजलं, खलबत्त्यात बारीक कुटलं, चाळलं आणि गॅस बंद केल्यावर वरून भुरभुरवलं. वास सिचुआन मिरीपेक्षा उग्र असतो, म्हणून आधी निम्मंच घाला. टोफू आधी मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून घ्या, म्हणजे फुटत नाही. आणि सासूबाईंची वाटी भुरभुरवण्याआधी बाजूला काढा.