‘फिल्म’ला पापुद्रा म्हणावं का?

विचारणा: रत्नागिरीत सोडे-जवळा सुकवणाऱ्या बायकांच्या बचत गटासाठी माहितीपत्रक लिहितेय. विषय: कोळंबीच्या टरफलांपासून काढलेल्या कायटोसान या पदार्थाची जैवविघटनशील, प्रतिजैविक फिल्म, म्हणजे माशाभोवती गुंडाळायचं पातळ आवरण. पॉलिमर फिल्मसाठीचा ‘बहुवारिक पटल’ हा शब्द वाचून दाखवला तर सगळ्या गप्पच बसल्या. सोपे शब्द सुचवा. ‘लेप’ चालेल का?

उत्तर: ताई, लेप नको. लेप ज्याला लावू त्यालाच चिकटून राहतो; माशावर थेट चढवलेला थर असेल तर तो लेप. तुम्ही म्हणताय ती वस्तू वेगळी तयार होते. कायटोसानची पूड सौम्य ॲसिटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं त्या आम्लात, विरघळवायची, थोडं ग्लिसरीन घालायचं, सपाट भांड्यात ओतून वाळू द्यायचं. ग्लिसरीन विसरलं तर फिल्म कडक होऊन तडकते. आंबापोळी आपण अशीच घालतो ना? ताटाला तुपाचं बोट फिरवून रस पसरायचा, उन्हात ठेवायचा, कड सुटू लागली की नखाने अलगद उचलायचं. अख्खं सुटून हातात येतं, तो पापुद्रा. माझं मत पक्कं याच शब्दाला.

‘प्रतिजैविक’ मात्र आजच काढा. ते अँटिबायोटिकसाठी रूढ आहे. वाचणारीला वाटेल माशात औषध घातलंय. ‘जंतुनाशक’ म्हटलं की फिनेल डोळ्यांपुढे येतं. कायटोसानवर धन प्रभार येतो, जंतूच्या पेशीचं बाहेरचं आवरण ऋण प्रभाराचं. दोन्ही चिकटतात आणि आवरण गळकं होतं. काही जंतू मरतात, काहींची नुसती वाढ खुंटते. म्हणून ‘जंतुरोधक’.

जाता जाता, कायटोसान ज्यापासून करतात त्या टरफलातल्या ‘कायटिन’चं नाव अंगरख्याच्या ग्रीक शब्दावरून पडलंय. कोळंबीचा अंगरखाच तो!

विचारणा: पापुद्रा पटला. आंबापोळीला आमच्याकडे साठं म्हणतात, मग ‘कोळंबीचं साठं’ का नको? आणि जैवविघटनशीलला ‘कुजणारा’ लिहू?

उत्तर: साठं म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, आवरण कुणी खाऊन बघेल. ते राहू द्या. नुसतं ‘कुजणारा’ही घातक, आतला मासाच कुजेल असं वाटतं. ‘मातीत कुजून जाणारा’ म्हणा, त्या एका ‘मातीत’ने अर्थ जागेवर येतो. ‘विघटनशील’ मला अपुरा वाटतो. प्लास्टिकचेही उन्हात तुकडे पडतात, पण ते कुजत नाहीत.

एक शब्द तुमच्या बायकांच्या रोजच्या बोलण्यातलाच आहे: सादळणे. हा पापुद्रा हवेतला ओलावा ओढतो, पावसाळ्यात पापडासारखा सादळतो. पत्रकात एवढंच लिहा: ‘कोळंबीच्या टरफलांचा जंतुरोधक पापुद्रा. मातीत कुजून जातो. सादळू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.’