पणजीतला '...द जानेरु' रस्ता आणि पणजोबांचं कापडाचं दुकान

नमस्कार. मळ्यातलं आमचं जुनं घर पडायला आलंय, म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत पणजोबांच्या दुकानाची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणि चार छापील बिलं निघाली. कीर्द मोडीत, बिलं पोर्तुगीजमध्ये. बिलांचा वरचा कोपरा वाळवीनं खाल्लाय. तारीख गेली, पत्त्यातलं एवढंच उरलं: '...द जानेरु, नोव्हा गोवा' (पणजीचं तेव्हाचं नाव). खाली शाईनं '४ रुपये १० तांगे'.

घरात सगळे म्हणतात दुकान चर्चपाशी होतं. आजी मात्र म्हणायची, मागच्या दारातून खाडी दिसायची. पणजोबांचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे, त्यांचं अक्षर तेवढं हातात आलंय. नेमकी इमारत कशी शोधू?

रायबंदरचे काका

बाय, रस्ता मिळालाच समज. जानेरु म्हणजे जानेवारी, हा ३१ जानेवारी रस्ता. त्याच्या मागच्या अंगाला उरेंची खाडी आहे, तेव्हा आजी बरोबर होती. या नावाबद्दल लोक सांगतात की पोर्तुगाल स्पेनपासून सुटला तो दिवस. तसं नाही, ती तारीख १ डिसेंबर १६४०. ३१ जानेवारी १८९१ला पोर्तू शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी राजाविरुद्ध उठाव केला आणि तो फसला. राजाच्या अमलात रस्त्याला असं नाव कोण देईल? म्हणजे नाव १९१०मध्ये राजेशाही गेल्यानंतरचंच.

दुसरं टोक तांगे सांगतात. १६ तांग्यांचा रुपया, तो १९५८-५९च्या सुमारास जाऊन एस्कुद हे पोर्तुगीज चलन आलं, १ रुपयाला ६ एस्कुद. तुझं बिल या दोन्हींच्या मधलं.

मोडीवाचक, डिचोली

कीर्दीचं पहिलं पान बघा. वर 'श्री' असेल, त्याच्या खाली मिती, म्हणजे तारीख. काय लिहिलंय?

प्रश्न विचारणारी

आकडे लागतात मला. शके १८५३. पुढचा शब्द 'कार्तिक' वाटतो.

मोडीवाचक, डिचोली

मग दिवाळीच्या पाडव्याला घातलेली नवी वही ती. शकात ७८ मिळवा, १९३१ येतं. कार्तिक म्हणजे त्याच वर्षाची दिवाळी. जानेवारी लागल्यानंतरचे, चैत्राच्या आधीचे पौष, माघ, फाल्गुन आले की मात्र ७९ मिळवायचे, तिथं पुष्कळ जण चुकतात.

म्हापसेकर

मी दस्तऐवजांचीच कामं करतो, म्हणून सांगतो. जुन्या घरांची माहिती दोन ठिकाणी मिळते. एक मात्रिज, म्हणजे घरपट्टीचं जुनं दप्तर. दुसरं जमीन नोंदणीतलं 'देस्क्रिसांव'. त्यात चतुःसीमा असतात: पूर्वेला कोणाचं घर, पश्चिमेला कोणाचं. एक घर सापडलं की शेजारची आपोआप उलगडत जातात.

पण आधी एक ठरवा. दुकान स्वतःचं होतं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर तुमच्या पणजोबांचं नाव दप्तरात शोधून वर्षं जातील आणि हाती काही लागणार नाही. कीर्दीत दरमहा ठरावीक रक्कम कोणाच्या नावे पडते ते पाहा. तो मालक. त्याच्या नावानं शोधा. घर क्रमांकावर विसंबू नका, ते बदलत आलेत. वेळ मिळाला तर पणजीत पाट्ट्यावरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्या काळची पोर्तुगीज वर्तमानपत्रंही चाळा. 'ओ हेराल्दो' १९००पासूनचा. दिवाळीच्या आणि नाताळाच्या आधीच्या अंकांतल्या कापडाच्या जाहिराती बघा.

प्रश्न विचारणारी

काका, म्हापसेकर, डिचोलीचे दादा, तिघांचेही आभार. रात्री दोनपर्यंत वही घेऊन बसले. मोडीची बाराखडी शेजारी ठेवून एकेक अक्षर लावलं. दर महिन्याला एकाच माणसाच्या नावे साडेसात रुपये पडलेत. नाव इथं लिहीत नाही, त्यांचे वारस असतील. सोमवारी त्याच नावानं मात्रिजचा उतारा मागणार आहे.

माघातल्या भाड्यापुढं बारीक अक्षरात एक ओळ आहे. ती लावायला अर्धा तास गेला: 'मागील दार बिजागऱ्या, १२ तांगे वजा'.