हरिपाठवाल्या काकांना एक माप आणि जमातवाल्या चाचांना दुसरं का?

प्रश्न: आशाताई, दारव्हा तालुका

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात आशा आहे, अकरा वर्षं झाली. लाल बावट्याच्या युनियनचं काम मनापासून करते. एक गोष्ट महिनाभर डोक्यात घोळते आहे, म्हणून विचारते.

गावात हरिपाठ चालवणारे एक काका आहेत. पाळीच्या बाईनं सप्त्याच्या मांडवात पाय ठेवायचा नाही, असं ते माइकवरून सांगतात. 2023 च्या संपात याच काकांनी आमच्या बैठकीला देवळाचा ओटा झाडून दिला. मोर्च्याच्या दिवशी पहाटे त्यांच्याच घरून चाळीस जणींची भाकर आणि ठेचा आला.

मोहल्ल्यात एक चाचा आहेत. तबलिगी जमातीत जातात, व्याजाचा पैसा घरात येऊ देत नाहीत. नापिकीच्या साली त्यांनी तीन घरांना बिनव्याजी पैसे दिले, त्यातलं एक आमच्या भावकीतलं. पण माझ्यासोबतच्या एका आशाताईच्या नवऱ्याला ते सांगून बसले, की परक्या माणसांसोबत गाडीत बसून बाईनं मोर्च्याला जाणं बरं नाही. ती आली नाही. तेव्हापासून बैठकीलाही येत नाही.

जिल्ह्याच्या बैठकीत मी दोन्ही गोष्टी मांडल्या. काकांविरुद्ध पत्रक काढायचं पाच मिनिटांत ठरलं, त्यात ‘मनुवादी’ शब्दही आला. चाचांबद्दल साथी म्हणाले, "तो त्यांच्या समाजाचा अंतर्गत प्रश्न आहे. आपण बोललो तर भलत्यांच्या हातात कोलीत जाईल."

कोलीताची भीती मला कळते. गेल्या साली मशिदीसमोर मिरवणूक थांबवून डीजे वाजला, त्या रात्री मोहल्ल्यातल्या एका बाळंतिणीकडं मी गेले होते. माझा आवाज ओळखूनही घरच्यांनी दार उघडायला वेळ लावला. पण म्हणून माझी मैत्रीण ‘त्यांची’ कशी झाली? तिचं-माझं काम एक, मोबदला एक, थकलेला मोबदलाही एक.

कर्मठ माणसाकडं आपण डाव्यांनी कसं पाहायचं? धर्म पाहून माप बदलायचं का?

उत्तर: जुना कास्तकार, अचलपूरकडचा

बाई, माया अनुभव सांगतो. 1989 ले अमरावतीनं सुदामकाका देशमुखाले लाल बावट्याचा खासदार करून दिल्लीले धाडलं, तवा मी सायकलीले झेंडा बांधून गावोगाव फिरलो. मत देनाऱ्यात माळकरी होते, गुरुदेवभक्त होते, नमाजी होते. आमी कोनाले देव सोड म्हनलं नाई. कापसाच्या भावाचं बोललो.

गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले. कर्ज काढून देवधर्म करू नका, बोकड कापू नका, असं रातभर कीर्तनात खडसावत. अन् त्याच बाबानं पंढरपुरात वारीच्या लोकायसाठी धर्मशाळा बांधल्या. चोखामेळा धर्मशाळा तं बाबासाहेबाच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीले देऊन टाकली. बोलनं कडक, पन आलेला मानूस उघड्यावर झोपला नाई पायजे. तुमच्या पत्रकात नुसतं कडक बोलनं हाय. ज्याच्या घरची भाकर खाल्ली त्याले पत्रक द्यायच्या आंधी त्याच्या घरी जाऊन बसा लागते. चाचाच्याही.

उत्तर: उर्दू शाळेतली शिक्षिका, पुसद

मी मुसलमान आहे, पाच वेळची नमाज पढते, म्हणून मलाही लोक कर्मठ म्हणू शकतात.

तुमच्या साथींना शाहबानोची आठवण द्या. इंदूरची म्हातारी बाई, नवऱ्यानं तलाक दिलेली. उच्च न्यायालयानं महिन्याला 179 रुपये 20 पैसे पोटगी ठरवली आणि 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. पुढच्याच वर्षी सरकारनं मौलवींच्या दबावाखाली कायदा बदलला. त्या विधेयकाला संसदेत डाव्या पक्षांनी विरोध केला होता. मग ‘अंतर्गत प्रश्न’ ही भूमिका तुमच्या साथींनी आणली कुठून? त्याच्याही आधी, 1966 मध्ये, हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर तलाकविरोधी मोर्चा नेला. त्यात सात मुस्लिम बायका होत्या. फक्त सात. त्यांच्या मागे उभं राहायला तेव्हाही माणसं कमीच होती.

पण 2019 चा कायदाही बघा. तोंडी तलाक देणाऱ्या मुस्लिम नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग. दुसऱ्या धर्मातला नवरा बायकोला टाकून गेला तर तो नुसता टाकून गेला. तेही दुहेरी मापच. माझ्या शाळेतल्या आया विचारतात, तो आत गेला तर चूल कोण पेटवणार?

चाचांचा शब्द नीट ऐका. परक्या माणसांसोबत गाडीत नको, असं ते म्हणाले. मग नुसत्या बायकांची गाडी करा आणि परत जाऊन विचारा. तरी नाही म्हणाले तर अडचण गाडीची नव्हती हे तुमच्या मैत्रिणीच्या नवऱ्यालाही दिसेल. पत्रकानं हे होणार नाही.

उत्तर: वस्तीतला, वाशीम

भाकरीचं कौतुक वाचलं. माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला होते, दीक्षा घेऊन आले. त्यानंतर आमच्या घरातलं कुणी त्या ओट्यावर गेलं नाही, त्याआधी आम्हाला कुणी चढू दिलं नाही. ताई, तुमच्या बैठकीत बौद्ध वस्तीतली आशा होती ना? ती कुठं बसली होती, ते लिहिलं नाही तुम्ही. काका-चाचांशी गोड बोलायचं की कडक, हे ठरवायला तिलाही विचारा.

आशाताई

दादा, ती बसली नव्हती. खाली कडुनिंबाला टेकून उभी होती. मी दोनदा "वर ये" म्हटलं, ती "राहू द्या ताई" म्हणाली, आणि मी बैठक सुरू केली. इथं लिहिताना मला ते आठवलं नाही. आज तिच्या घरी गेले होते. आता बैठका अंगणवाडीत घेणार.

पुसदच्या मॅडमचं ऐकून बायकांपुरती काळीपिवळी ठरवली, चाचांच्या पुतण्याचीच. चाचांनी अजून हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मैत्रिणीच्या नवऱ्यानं मात्र गाडी किती वाजता सुटते ते विचारलं.

काकांकडं उद्या जाते. पाळीचं आणि ओट्याचं, दोन्ही त्यांच्या तोंडावर बोलायचं आहे. वस्तीतली ताई सोबत येते म्हणाली.