ट्रकचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदलण्याआधी तीन मोजण्या कागदावर लिहून द्या. पटतं का?

दहाचाकी_सातारा:
माझी गाडी २०१७ची, बीएस-४. माल भरून खंबाटकी घाट चढताना इंजिन अचानक बंद पडायचं. मीटरवरचे सगळे दिवे लागायचे आणि अर्ध्या तासाने सेल्फ मारला की काही झालंच नाही अशी चालू. स्कॅनरवर रेल प्रेशर (डिझेलचा दाब), बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि पेडल, तिन्ही सेन्सरचे बिघाडाचे कोड एकदम. वर्कशॉपने निकाल दिला, "ईसीएम गेला." लाखाच्या वर मोजून नवा बसवला. पाचव्या दिवशी त्याच चढाला गाडी पुन्हा उभी.

शेवटी एका वयस्कर वायरमनने दोन तासांत दुखणं शोधलं. सेन्सरला जाणारी पाच व्होल्टची वायर ब्रॅकेटवर घासून उघडी पडली होती. तांदळाच्या दाण्याएवढं तांबं चमकत होतं. चढाला जोर लागला की इंजिन माउंटिंगवर कलतं, लूम (वायरींचा जुडगा) ताणला जातो आणि वायर बॉडीला टेकते. तिन्ही सेन्सर त्याच पाच व्होल्टवर, म्हणून तिन्ही एकदम आंधळे. जुना ईसीएम परत बसवला, गाडी आजही त्यावरच पळते. नवा घरात कपाटावर पडलाय, कारण इलेक्ट्रिकचा माल कोणी परत घेत नाही. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, दुसरं काय.

माझं म्हणणं एवढंच: सेल्फ मारताना ईसीएमच्या प्लगवर किती सप्लाय येतो, अर्थिंगमध्ये किती व्होल्ट पडतात आणि सेन्सरचे पाच व्होल्ट पक्के आहेत का, हे तीन आकडे कागदावर लिहून दिल्याशिवाय कोणीही ईसीएम बदलू देऊ नये.

टोमॅटो_लाइन:
साफ असहमत. मी नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेतो. माझी गाडी अशीच बंद पडायची. तुम्ही म्हणता ते तिन्ही आकडे घेतले, तिन्ही चोख आले, कारण मोजायला गाडी सकाळी थंड असताना उभी केली होती. आठ दिवस वायरी चाचपण्यात गेले, दोन खेपा सडल्या. ईसीएम बदलला त्या दिवसापासून आजपर्यंत तक्रार नाही. आणि मधल्या रात्री घाटात उभ्या गाडीमागे झाडाच्या फांद्या ठेवून बसलेला ड्रायव्हर माझा होता. पैशाचा हिशोब करताना त्याचा जीवही धरा. जुन्या गाडीला शंका आली की नवा टाकावा आणि मोकळं व्हावं.

वायरमन_शिरवळ:
दोघांचं अर्धं-अर्धं बरोबर आहे. नुसत्या मीटरवर विश्वास ठेवला तर सातारकरांच्या तीन आकड्यांनीही फसाल. जाड केबलचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर चोवीस दाखवतो. प्लग काढून सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर चोवीस व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब लावा. लख्ख पेटला तर खरं. अर्थिंगचं माप सेल्फ फिरत असतानाच घ्यायचं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीएमच्या अर्थपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर आधी केबल आणि बोल्ट घासा. पिनेत जाड प्रोब खुपसू नका. पिन पसरते आणि नवीनच आजार लागतो.

स्कॅनर ईसीएमशी बोलतच नसेल तर बॅटरी काढून कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या) दोन वायरींमधला रोध मोजा. ६० ओहम पाहिजे. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा तिथवरची वायर तुटलीय, आधी ती शोधा.

टोमॅटोवाल्यांचा गरम झाल्यावरचा दोष खरा असतो, पण तोही सिद्ध करता येतो. केस वाळवायच्या ड्रायरने ईसीएम तापवा आणि त्याच वेळी सप्लाय आणि पाच व्होल्टवर मीटर लावून ठेवा. सप्लाय पक्का असताना ईसीएम गप्प झाला तर खुशाल बदला. आणि मालकाला एक जरूर विचारा: बॉडीवाल्याकडे चेसिसला वेल्डिंग केलं होतं का? बॅटरीच्या केबल आणि ईसीएमचे प्लग न काढता केलं असेल, तर माझा पहिला संशय ईसीएमवरच.

टोमॅटो_लाइन:
हे सगळं करणारा वायरमन हायवेवर मिळतो कुठे? मग लोक भंगारातून ईसीएम आणतात नाहीतर जुन्याच्याच बोर्डला टांके (सोल्डरिंग) मारून घेतात. त्यापेक्षा वॉरंटीवाला नवा परवडला.

बोर्ड_रिपेअर:
भंगारातल्याबद्दल पूर्ण सहमत. प्रत्येक इंजेक्टरचा (डिझेल फवारणाऱ्या भागाचा) स्वतःचा कोड असतो आणि तो ईसीएममध्ये भरलेला असतो. दुसऱ्या गाडीचा ईसीएम जसाच्या तसा लावला तर इंजिन एकसारखं चालत नाही, धूर मारतं. इमोबिलायझर (चोरीविरुद्धचं इलेक्ट्रॉनिक कुलूप) असेल तर चालूच होत नाही. जुन्यातला डेटा वाचून नव्यात भरता आला तर उत्तम. नाहीच वाचता आला, तर कोड इंजेक्टरवर छापलेला असतो, तो कपड्याने पुसून फोटो काढून ठेवा. टांक्याचं म्हणाल तर साध्या बोर्डवर तडकलेला टांका मी रोज दुरुस्त करतो. पण आत जेल भरलेला सिरॅमिक बोर्ड आणि केसासारख्या तारा असतील तर तिथे सोल्डरिंग गनचं काम नाही. मी असा ईसीएम हात न लावता परत देतो.

दहाचाकी_सातारा:
वायरमनसाहेब, तापवून बघायची चाचणी माझ्या कागदावर चौथी लिहितो. टोमॅटोवाल्यांनी सांगितलेला घाटातला ड्रायव्हर मी विसरलेलो नाही. माझी गाडी दुसऱ्यांदा बंद पडली, तीही नव्या ईसीएमवर, तेव्हा स्टिअरिंगवर माझा धाकटा भाऊ होता. म्हणून तर म्हणतो, नवा टाकून मोकळं होता येत नाही. टोमॅटोवाले, तुम्ही ईसीएम बदललात तेव्हा प्लग काढून परत दाबून बसवलेच असतील, म्हणजे सैल पिनेचं दुखणं त्यानेच गेलं असू शकतं. जुना अजून तुमच्याकडे असेल, तर एकदा वायरमनसमोर परत लावून तापवून बघाल का?

टोमॅटो_लाइन:
आहे, गॅरेजमध्ये ठेवलाय. पण गाडी आत्ता चालू आहे. सीझन उरकल्यावर लावून बघतो. जुन्यावर गाडी बंद नाही पडली, तर इथे येऊन तसं लिहीन.