तिसरा सिलिंडर मिसिंग (त्यातलं इंधन नीट पेटत नाही). प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) बदलूनही पी0303, म्हणजे तिसऱ्याच्या मिसिंगचा कोड, जात नाही

घाटमाथा (प्रश्न)
नमस्कार मंडळी. 4 सिलिंडर, 1.2 लिटर पेट्रोल गाडी. 92,000 किमी झालेत, त्यातले 60,000 बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटवर. सकाळी गार इंजिन बरं चालतं. पंधरा मिनिटांनी गरम झालं की सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरतं. 2,000 आरपीएमच्या वर थरथर जवळजवळ जाते, पण चढाला पिकअप नाही. चारही प्लग नवे, तिसऱ्याची कॉइल नवी. आता इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) बदला म्हणतात. बदलू का?

स्पार्कगॅप
इतक्यात नको. इंजिन गरम असताना आधी पेट्रोलवर, मग गॅसवर आयडलला (एक्सलरेटर न दाबता) ठेवा. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर गॅसचा इंजेक्टर, त्याची नळी, फिल्टर बघा. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचा इंजेक्टर. दोन्हीवर सारखंच असेल तर इंधनाचा संशय सोडा, ठिणगी आणि कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमधल्या दाबाकडे) वळा.

कॉइल नवी म्हणजे चांगलीच असं धरू नका. 3 ची कॉइल 2 वर आणि 2 ची 3 वर लावा, कोड पुसा, गाडी गरम होईपर्यंत चालवा. पी0302 (दुसऱ्याच्या मिसिंगचा कोड) आला तर दोष कॉइलबरोबर सरकला. प्लगचंही तसंच करून बघा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी काळी उभी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून उडतेय. मग प्लग आणि कॉइलचं रबर बूट दोन्ही बदला. गॅसचं मिश्रण पेटायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून सीएनजीवर प्लगचा गॅप (ठिणगी उडते ती फट) साधारण 0.7 ते 0.8 मिमी ठेवतात.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते.

घाटमाथा
दोन्ही इंधनांवर सारखंच. कॉइल, प्लग फिरवले तरी कोड 3 वरच. रेघ नाही.

फीलरगेज
मग मला टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) संशय आहे, त्याची फट कमी झाली असेल. गार असताना बरी, गरम झाल्यावर आयडलला मिसिंग आणि वर 60,000 किमी गॅस, हे सगळं एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे (जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप) बोट दाखवतं. आयडलला कागदाचा तुकडा सायलेन्सरच्या तोंडाशी धरा. मधूनच कागद आत ओढला गेला तर संशय पक्का होतो.

आता कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, चारही प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, गॅसची टाकी वॉल्व्हवर बंद, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब होईपर्यंत स्टार्टर मारा. थ्रॉटल मिटलेला राहिला की सगळेच आकडे कमी येतात आणि माणूस उगाच इंजिन उघडतो. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये 5 मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. दाब बराच वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि वरचं हेड यांच्यामधलं सील).

घाटमाथा
178, 175, 118, 176 पीएसआय. ऑइल घातल्यावर तिसरा 122.

फीलरगेज
म्हणजे रिंगांवरचा संशय गेला. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर, व्हॉल्व्ह मिटलेले) आणा, गाडी न्यूट्रलमध्ये, क्रँकवरचा पाना काढून घ्या (हवेने क्रँक फिरला तर पाना हाताला लागतो). प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

एक्झॉस्टच निघाला तर इंजिन रात्रभर गार होऊ द्या आणि टॅपेट क्लिअरन्स (कॅमशाफ्ट आणि टॅपेटमधली फट) मोजा. गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि फट कमी होते. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, फट शून्य होते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटला टेकल्यावरच निघून जाते. टेकलाच नाही तर कडा जळते.

तुमच्या इंजिनची योग्य फट मॅन्युअलमधूनच घ्या. बकेट टॅपेट (व्हॉल्व्हवर बसणारी वाटी, तिची जाडी बदलून फट ठरते) असेल तर हिशेब असा: नवी जाडी = जुनी जाडी + मोजलेली फट − हवी असलेली फट. 3.20 मिमीची बकेट, फट 0.10, हवी 0.30, म्हणजे 3.00 ची बकेट. सगळ्या एक्झॉस्ट-इनटेकच्या फटी मोजून कागदावर लिहा, मग कॅमशाफ्ट एकदाच उतरवा.

लेथवरचा
फट नीट करून कॉम्प्रेशन पुन्हा घ्या. 170 च्या आसपास आलं तर काम झालं. 118 वरच राहिलं तर कडा जळली आहे, हेड उतरवावं लागेल. तेव्हा नुसता व्हॉल्व्ह घासून बसवू नका, तोच दोष काही महिन्यांत परत येतो. गॅसला चालणाऱ्या कडक धातूच्या सीट बसवून घ्या, चारही सिलिंडरच्या एक्झॉस्टला. हेडवर सरळ पट्टी आडवी आणि तिरपी ठेवून खाली 0.05 मिमीची पाती जाते का बघा; जात असेल तर फेसिंग (मशीनवर घासून सपाट करणं). गॅस्केट नवंच. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळा. त्यानंतर दर 20,000 किमीला टॅपेट तपासा. गॅसच्या गाडीत टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, आवाज बंद होतो तो फट संपल्यामुळेही.