मुंबईच्या गिरण्या आणि नाताळचा कोळसा: 'गद्दारी' म्हणणाऱ्यांना उत्तर

चिमणीखालचा

परवा इथेच एक लेख वाचला आणि डोकं फिरलं. लेखाचं म्हणणं थोडक्यात असं: स्वदेशीच्या लाटेवर गब्बर झालेल्या मुंबईच्या गिरणीमालकांनी पुढे १९२०च्या दशकात बंगाल-बिहारचा कोळसा लाथाडला, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचा कोळसा भट्टीत घातला आणि आपल्याच लोकांना चाबकाने फोडणाऱ्या गोऱ्यांची तिजोरी भरली. शेवटी 'गद्दार' हा शब्द तीनदा. खाली टाळ्या वाजवणाऱ्यांची रांग.

माझं आयुष्य बॉयलरवर गेलं, म्हणून हे लिहितो.

झरिया (आजच्या झारखंडातला कोळसापट्टा) ते मुंबई हा पल्ला बघा. आगगाडीने अठराशे किलोमीटरच्या आसपास, नाहीतर कलकत्त्याच्या गोदीत टोपल्यांनी जहाजावर चढवायचा आणि सिलोनला वळसा घालून आणायचा. एकोणिसाव्या शतकात मुंबई विलायती कोळशावर चालायची. १८९४ला रेल्वे झरियात पोचली आणि पुढच्या काही वर्षांत बंगालच्या कोळशाने विलायतीला मुंबईतून हुसकावलं. म्हणजे ज्यांना तुम्ही गद्दार म्हणता त्यांनीच हा देशी कोळसा आधी घेतला होता, आणि तोही स्वस्त पडला म्हणून. तेव्हा कोणी त्यांना देशभक्त म्हणायला आलं नव्हतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. जहाजं सरकारने ओढून नेली, सगळा माल रुळांवर आला, वाघिणी (मालाचे डबे) पुरेनात. १९१७ला कोळशावर नियंत्रक बसवावा लागला. १९२०मध्ये सरकारनेच कोळशाच्या निर्यातीवर बंधनं घातली, ती १९२३च्या जानेवारीपर्यंत होती. त्या काळात कोलंबो, सिंगापूरची गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. नाताळवाल्यांनी तिथे पाय रोवले आणि मग मुंबईतही. त्यांचं सरकार निर्यातीच्या कोळशाला रेल्वेभाड्यात भरघोस सूट देत होतं.

आता मालाबद्दल. झरियाचा चांगल्या थराचा कोळसा उत्तमच. पण मुंबईत यायचा तो कुठल्या थराचा, याचा पत्ता नसायचा. वर चार ढेकळं चांगली, खाली चुरा आणि दगड. लँकेशायर बॉयलरच्या भट्टीत असला माल टाकला की राख वितळून जाळीच्या पट्ट्यांना क्लिंकर चिकटतं. खालून हवा येत नाही, जाळ पिवळा पडतो, वर चिमणीतून काळा धूर. फायरमन लांब सळई घालून तो गोळा उखडत बसतो, दार उघडं राहतं, गार हवा आत जाते, वाफेचा दाब पडतो. तिकडे इंजिन मंदावतं, साच्यांवर सूत तुटतं आणि जॉबर, म्हणजे मुकादम, शिव्या घालतो विणकराला. मालकाने काय करायचं होतं? क्लिंकरला राष्ट्रगीत ऐकवायचं?

---

अप्पा_खडकीवाले

तो लेख माझाच. 'गद्दार' तीनदा नाही, दोनदा आहे. मोजता येत नसेल तर बॉयलरचा दाब कसा वाचायचात देव जाणे.

क्लिंकरचं पुराण छान. पण मुद्द्याला बगल दिलीत. १९१३मध्ये न्यूकॅसलच्या खाणींतून जे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, बाहेर पडले ते याच नाताळच्या कोळशाच्या खाणींतले. तीन पौंडांच्या डोईपट्टीविरुद्धचा तो संप. ६ नोव्हेंबरला गांधीजींसोबत ट्रान्सवालची सरहद्द ओलांडायला निघाले दोन हजारांवर पुरुष, सव्वाशेच्या वर बायका आणि पन्नासच्या वर पोरं. त्यांना पकडून परत आणलं ते कुठे? खाणींवर! खाणीचं आवार हाच तुरुंग, खाणीचे गोरे नोकर हेच वॉर्डर, आणि शिक्षा काय, तर पुन्हा कोळसा काढा.

आणि हे मुंबईला ठाऊक नव्हतं असं नाही. १९१०मध्ये नाताळला मजूर पाठवणं थांबवा असा ठराव कायदेमंडळात मांडला तो गोखल्यांनी. १९१२ला ते स्वतः तिथे जाऊन आले. सत्याग्रहासाठी १९०९ला पंचवीस हजार रुपये दिले ते सर रतन टाटांनी. एका हाताने देणगी आणि दहा-बारा वर्षांनी दुसऱ्या हाताने त्याच खाणींचा माल. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

---

चिमणीखालचा

टाटांचं नाव काढलंत ते बरं केलंत. १९१५ला खोपोलीहून पाण्याची वीज मुंबईत आली ती कोणामुळे? वळवण, लोणावळा, शिरवटा ही धरणं कोणी बांधली? १९२२ला भिवपुरी, १९२७ला भिरा. कोळशाच्या कटकटीला कंटाळून गिरण्या विजेवर जात होत्या. आफ्रिकेचाही नको, झरियाचाही नको. याहून स्वदेशी काय असतं हो? सह्याद्रीचा पाऊस!

---

वऱ्हाडी_मिर्ची

व्वा. झरिया, नाताळ, लोणावळा. सगळं फिरून झालं. आमचा चंद्रपूरकडचा वरोरा कुणाले दिसला का?

वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली होती ती खास कोळशासाठी, नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. १८७०च्या दशकापासून वरोऱ्याची खाण सरकार चालवत होतं. मुंबईले झरियापेक्षा कितीतरी जवळ. तरी १९०६ले बंद करून टाकली. बल्लारपूर तेव्हा नुकतं सुरू झालं होतं, तेही रांगतच राहिलं. विदर्भातला कापूस पाहिजे, कोळसा नको? आजही तेच सुरू आहे. वीज मुंबईले, राख चंद्रपूरले. उन्हाळ्यात अंगणात वाळवण टाकता येत नाही आमच्या घरी, पापडावर काळा थर बसते. तुम्ही करा स्वदेशीच्या चर्चा.

---

खाणीतला_म्हातारा

वऱ्हाडीबुवा, मी तुमच्याच भागात, वणीकडे, ओव्हरमन (खाणीत देखरेख करणारा) म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे 'विदर्भद्वेष्टा' म्हणू नका.

वरोऱ्याचा कोळसा हवेत पडला की तापतो. ढीग करून ठेवला तर आतून धुमसतो, आपोआप पेट घेतो. वर ओलावा जास्त आणि फुटून भुगा होतो. असला कोळसा वाघिणीत भरून मुंबईला नेऊन बंदरावर महिनाभर साठवायचा? कोळसा बंदर पेटलं असतं. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेला जवळ होता म्हणून तिने वापरला, तेवढंच. मुंबईने ठरवून मारलं वगैरे नाही. खाणीला आतून आग लागली की ती विझत नाही. झरियात १९१६पासून लागलेली अजून जळते आहे, आणि तिथे तर चांगल्या प्रतीचा कोळसा!

---

वऱ्हाडी_मिर्ची

तापतो म्हणून जवळ वापरा नं मग! नागपूर, हिंगणघाटले गिरण्या नव्हत्या का? एम्प्रेस मिल काय बुलढाण्याच्या जंगलात होती? तंत्र शोधायचं तर शोधता येते, मनात पाहिजे. पण निवृत्त माणसं पेन्शन घेऊन शहाणपण शिकवतात, त्याले इलाज नाही.

---

खाणीतला_म्हातारा

पेन्शन काढायचं कारण नव्हतं. पण ठीक आहे, जवळ वापरायला हवा होता हे मान्य. मिरची लागली तरी खरं ते खरं.

---

मेधा_द

किती वेळ वाचते आहे. मालक, प्रत, वाघिणी, राख. कोळसा स्वतः चालत वर आला का?

झरिया-राणीगंजात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका कुटुंबाची जोडी खाणीत उतरायची. नवरा मलकट्टा, गैंतीने कोळसा फोडणार. बायको कामीन, टोपली डोक्यावर घेऊन टबापर्यंत, म्हणजे रुळावरच्या कोळशाच्या गाड्यापर्यंत, नेणार. मजुरी टबामागे, दोघांची मिळून. संथाळ, बाउरी कुटुंबं, सोबत तान्ही पोरं. खाण कामगारांत बायका सुमारे एक तृतीयांश होत्या. १९२९ला सरकारने नियम केला की बायकांना भूमिगत काम बंद, बंगाल-बिहारात टप्प्याटप्प्याने कमी करायचं. १९३७ला पूर्ण बंदी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टबाचा दर वाढला का? नाही. उलट मंदीत खाली आला. जोडीची कमाई गेली, एकट्याची राहिली. ही तुमची सुधारणा.

---

खाणीतला_म्हातारा

ताई, मी ती जागा आतून पाहिली आहे, तुम्ही नाही. १९२३च्या जानेवारीत परबेलियाच्या खाणीत स्फोट झाला, ७४ माणसं गेली. १९३६ला पोईडीहला २०९. छत कधी बसेल याचा नेम नसतो. खांबातून आधी बारीक कटकट असा आवाज येतो, मग चुरा गळायला लागतो, आणि तेवढ्यात ज्याचे पाय हलले तो वाचतो. डोक्यावर टोपली आणि पाठीला पोर असलेल्या बाईचे पाय किती चपळ हलणार? बंदी योग्यच होती. माझी लेक असती तर मी पाठवली नसती, आणि तुम्हीही पाठवली नसती.

---

मेधा_द

तुमच्या लेकीला पर्याय होता. बाउरी बाईला काय पर्याय दिला? छत बसतं म्हणून बाईला बाहेर काढलं आणि पुरुषाला आत ठेवलं. मग छताला टेकू वाढवा की! तो खर्च मालकाचा, म्हणून नाही झाला. बाईला हाकलणं फुकटात होतं.

माझी आजी विडी वळायची. 'बायकांना जड काम नको' असं म्हणणाऱ्या प्रत्येक पुरुषाने तिचं काम काढून घेतलं आणि पैसे कधीच आणून दिले नाहीत. त्यामुळे हा कळवळा मला नका दाखवू.

---

अप्पा_खडकीवाले

मेधाताईंना आनंद होईल. १९४३ला बंदी उठवली आणि बायका पुन्हा खाली. तेव्हा मजूर खात्याचे मंत्री कोण होते ते सांगू का? की इथे ते नाव घेतलं की धागा बंद होतो?

---

निळी_शाई

नाव घ्या ना, घाबरता कशाला? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आणि अर्धवट सांगू नका.

युद्धात कोळसा कमी पडला, कारण मजूर लष्करी कामांवर, विमानतळ बांधायला जास्त मजुरीने निघून गेले. बंदी उठवली ती तात्पुरती, आणि १ फेब्रुवारी १९४६ला पुन्हा लागू केली. मधल्या काळात काय झालं? डिसेंबर १९४३मध्ये बाबासाहेब धनबादला गेले, स्वतः खाणीत उतरले, चाळी पाहिल्या. जानेवारी १९४४ला कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम. फेब्रुवारीत कायदेमंडळात त्यांच्यावर टीका झाली तेव्हा त्यांनी लपवाछपवी केली नाही. हे आणीबाणीतलं पाऊल आहे असं सांगितलं, आणि खाणीत बाईला पुरुषाइतकीच मजुरी हे तत्त्व सरकारने मान्य केल्याचंही सांगितलं. खाणीतल्या बाळंतपणाच्या कायद्यात सुधारणा त्यांच्याच काळात झाल्या.

१९२९ला बंदी घालणाऱ्यांपैकी किती जण खाली उतरले होते, अप्पा? टोमणा मारण्याआधी वाचत जा. दर वेळी कोळशाचा विषय असो की कांद्याचा, तुमची गाडी शेवटी तिथेच का येऊन थांबते हे आम्हाला कळतं.

---

अप्पा_खडकीवाले

मी फक्त प्रश्न विचारला.

---

निळी_शाई

प्रश्न नव्हता तो. चिमटा होता.

---

मेधा_द

अप्पांच्या चिमट्याशी मला काही घेणं नाही. पण निळी_शाई, समान मजुरी कागदावर आली, ते चांगलंच. १९४६ला बायका पुन्हा बाहेर, मग समान मजुरी कोणाला द्यायची? कल्याण निधी मान्य. दवाखाने उभे राहिले, तेही मान्य. दुसऱ्या बंदीने घरातली चूल पेटली का, हे मात्र मी विचारत राहणार, मंत्री कोणीही असो.

---

निळी_शाई

विचाराच. तो प्रश्न बरोबर आहे. फक्त तो १९२९वाल्यांनाही तेवढ्याच जोरात विचारा.

---

चिमणीखालचा

मंडळी, धागा माझा आहे अशी एक अफवा आहे. गिरणीमालकांवर आणखी कोणाला काही म्हणायचं आहे का?

---

अप्पा_खडकीवाले

आहे की. कोळशावरच येतो, नाहीतर शाई अंगावर उडायची.

दक्षिण आफ्रिकेच्या कोळशावर जकात बसवा अशी मागणी झाली. १९२६ला टॅरिफ बोर्डाने, म्हणजे जकातीवर सल्ला देणाऱ्या सरकारी मंडळाने, ती फेटाळली. त्याच वेळी मुंबईचे गिरणीमालक जपानी कापडाविरुद्ध संरक्षण मागत सरकारच्या दारात उभे होते, आणि डिसेंबर १९२५मध्ये साडेतीन टक्क्यांची कापडावरची अबकारी स्थगित करून घेतली होती. म्हणजे आमच्या कापडाला भिंत बांधा, झरियाच्या कोळशाला मात्र खुली स्पर्धा! हे क्लिंकरमुळे होतं का, बॉयलरवाले?

---

चिमणीखालचा

हे दुटप्पी होतं. घ्या, लिहून दिलं, फ्रेम करून लावा. पण दुटप्पीपणा म्हणजे गद्दारी नव्हे. तसं असतं तर मुंबईत व्यापारी शिल्लक राहिला नसता.

आणि झरियावाल्यांच्या दुखण्यावर औषध जकातीत नव्हतंच. सरकारने कोळशासाठी नेमलेल्या नॉइस समितीने दुखणं ओळखलं. १९२५चा कायदा आला, ग्रेडिंग बोर्ड बसलं. कोळशाची प्रतवारी होऊ लागली, जहाजावर चढणाऱ्या मालाला दाखला, दाखल्याच्या मालाला रेल्वेभाड्यात सूट. वरचं ढेकूळ आणि खालचा दगड हा खेळ बंद झाल्यावर गिऱ्हाईक परत येऊ लागलं. म्हणजे गिरणीमालकांची तक्रार खोटी नव्हती. खाणमालक, मग ते कलकत्त्याच्या क्लाइव्ह स्ट्रीटवरचे साहेब असोत की झरियातले कच्छी मिस्त्री, गिऱ्हाइकाला गृहीत धरत होते.

---

अप्पा_खडकीवाले

म्हणजे देशी खाणवाल्याला शिस्त लावायला नाताळचा कोळसा लागला. बरं. पुढच्या लेखात 'गद्दार' एकदाच लिहीन.

---

मेधा_द

आणि प्रतवारीसाठी दगड वेचायला वर कोण बसलं? कामीनच. मजुरी किती, ते तुमच्या ग्रेडिंग बोर्डाला विचारा.

---

वऱ्हाडी_मिर्ची

वरोऱ्याच्या मुद्द्यावर अजून कुणी बोललं नाही. खाणीतले आजोबा, एम्प्रेस मिलमध्ये कोणता कोळसा जळत होता ते सांगता का, की मीच वेगळा धागा काढू?

---

खाणीतला_म्हातारा

काढा. नावात माझं नाव घालू नका म्हणजे झालं.