मुलगा जर्मनीत एमएसला गेलाय, फोनवर धड बोलतच नाही, काय करू?

इंदिरानगरची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगा ऑक्टोबरपासून केम्निट्झला मास्टर्सला आहे, मेकॅनिकल. सुरुवातीला व्हिडिओ कॉलवर ट्राम काय दाखवायचा, मेसचं जेवण काय दाखवायचा, आता नोव्हेंबर संपत आला तर "हो", "ठीक", "जेवलो" एवढंच. खोलीत लाइट नाही लावत, मागे कालचाच कुकर तसाच दिसतो. परवा म्हणाला वर्गात कोणी कोणाशी बोलत नाही, लेक्चर संपलं की लॅपटॉप मिटून सगळे गायब. मिस्टर म्हणतात होईल सवय, जाऊबाई म्हणतात बोलावून घ्या परत. कन्सल्टन्सीला फोन केला तर म्हणे व्हिसा झाला की आमचं काम संपलं. नाशकात बसून मी काय करू शकते? सध्या तरी साजूक तूप, पेढे, चिवडा असं पार्सल भरतेय.

सातपूरकर:
काकू आधी तूप आणि पेढे काढा त्यातून, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ चालत नाहीत, कस्टमवाले ठेवून घेतात. चिवडा, मेतकूट, गोडा मसाला बिनधास्त पाठवा, फक्त किंमत ४५ युरोच्या आत ठेवा, त्याच्या वर गेलं की गिफ्टवर पण ड्युटी लागू शकते.
आता मुद्द्याचं. मी माग्देबुर्गला होतो, पहिला हिवाळा सगळ्यांचाच असा जातो. दुपारी चारलाच अंधारतं, रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आणि आपल्याकडे कसं हजेरी, इंटर्नल, सबमिशन, दोन दिवस दांडी मारली की घरी फोन, तिकडे बहुतेक विषयांना यातलं काहीच नाही, सगळे मार्क शेवटच्या एका पेपरवर, त्यामुळे आपलं बरं चाललंय की वाट लागलीय हे फेब्रुवारीपर्यंत पोराला स्वतःलाच कळत नाही, मग घरी सांगणार काय.
दुसरं म्हणजे फोन कधी करता? आता साडेचार तासांचा फरक आहे, आपले रात्रीचे नऊ म्हणजे त्याचे दुपारचे साडेचार, तेव्हा तो लॅबमध्ये नाहीतर ट्राममध्ये. रविवारी दुपारी करा, आणि चौकशी नको, सरळ "चल पिठलं टाकू" म्हणा, तो तिकडे टाकेल तुम्ही इकडे टाका.

गोदाकाठ:
+१. माझी मुलगी पण तिकडेच आहे. आमच्या घरी रोज "पार्ट टाइम लागला का" चालायचं, ते बंद केल्यावर ती बोलायला लागली. २०२४ पासून व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (पैसे आधीच भरून ठेवायचे, मग दर महिन्याला ठरावीकच काढता येतात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला हातात ९९२, त्यात भाडं, इन्शुरन्स, जेवण सगळं. वर घरच्या लोनचं टेन्शन. पोरं हिशोब करून एकच वेळ जेवतात आणि आपल्याला सांगतात जेवलो. पैसे पुरतात का हे वडिलांनी नको, तुम्ही विचारा, आणि कमी पडले तर ओरडू नका प्लीज.

मखमलाबादी:
वरचं सगळं बरोबर, पण नुसता हिवाळा म्हणून सोडून देऊ नका हं. झोप उलटी झाली, लेक्चरला जाणंच बंद झालं तर वाट बघायची नाही. तिकडे श्टुडीरेंडनवेर्क म्हणून असतं, तेच होस्टेल आणि मेस चालवतात, त्यांच्याकडे समुपदेशक असतात, फुकट, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत, आणि घरी-प्रोफेसरला काही कळवत नाहीत. आपल्याकडे समुपदेशक म्हटलं की "मी काय वेडा आहे का" सुरू होतं, म्हणून आधी तुमच्या तोंडून ऐकू द्या की घरी चालतं. त्याच्या मजल्यावरच्या एखाद्या पोराचा नंबर घ्या, पण त्याला सांगून, गुपचूप नाही, कळलं तर उरलंसुरलं बोलणं पण जाईल. परत बोलवायचं वगैरे इतक्यात काढू नका.

इंदिरानगरची_आई:
तूप काढलं 😄 मिस्टरांना गोदाकाठ यांची पोस्ट वाचायला दिली, गप्प बसलेत. रविवारी पिठलं. परीक्षेबद्दल विचारू की नको?

सातपूरकर:
अभ्यास झाला का असं नको. एवढंच विचारा की परीक्षेचं रजिस्ट्रेशन केलं का. तिकडे पेपरला वेगळं नाव नोंदवावं लागतं, पोर्टलवर थोडेच दिवस विंडो उघडी असते, ती गेली तर पेपर पुढच्या सेमिस्टरला. तारखा युनिव्हर्सिटीप्रमाणे बदलतात, आत्ताच बघायला सांगा.